लोणच्यासारखी मुरलेली बिअर

आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हटलं की काय, साडेसहाशे मिलीची बाटली, एकदम चिल्ड, चव कळायच्या आत घशाखाली, आणि दुसऱ्या बाटलीपर्यंत कार्यक्रम आटोपलेला. मी पण पुण्यात असताना हेच केलंय, उगाच साव कशाला बनू. त्यामुळं इकडे इंग्लंडात डर्बीला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात एका पबमध्ये जाऊन ऐटीत म्हटलं, तुमच्याकडची स्ट्राँग द्या. तर मालकानं (साठी उलटलेला, गप्पिष्ट माणूस) फ्रीज उघडलाच नाही, मागच्या खोलीत गेला आणि एक एवढीशी धुळीनं माखलेली बाटली घेऊन आला, कटिंगचे दोन ग्लास भरतील फार तर. म्हटलं हा आपल्याला खोकल्याचं औषध देतोय की काय.

ओतली तर फेस जवळजवळ नाहीच. रंग काकवीसारखा, ग्लास हलवला की कडेला चिकटून हळूहळू खाली येणारी. वास घेतला तर बिअरचा वास नाही, खजूर, काळ्या मनुका, जुना गूळ, आणि त्याच्या मागे कुठेतरी नव्या चपलेच्या चामड्याचा. तो म्हणाला घाई करू नकोस, एवढ्याला तासभर लागला पाहिजे. आणि खरंच, हाताच्या उबेनं ग्लास जरा कोमट झाला तशी चव बदलायला लागली, आधी नुसतं गोड वाटत होतं त्यात नंतर कडूपणा आला, मग छातीत ऊब. बाटलीवर साल छापलं होतं, नऊ वर्षांपूर्वीचं. नऊ वर्षं! आपण दुकानात बाटली उलटी करून एक्सपायरी बघणारी माणसं.

तेव्हापासून मला या प्रकाराचा नाद लागलाय आणि मित्रांना समजावून सांगताना दर वेळी गोंधळ होतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

पहिला गोंधळ नावांचा. ओल्ड एल, स्टॉक एल, बर्टन एल, बार्ली वाइन, सगळी नावं एकमेकांच्या अंगावर पडलेली. बार्ली वाइनमध्ये द्राक्षाचा एक थेंब नसतो, बार्लीचीच बिअर, फक्त वाइनच्या तोडीस तोड कडक म्हणून ते नाव. काही लोक बार्ली वाइन आणि ओल्ड एल यांच्यात काटेकोर रेघ मारायला बघतात, पण बिअरच्या इतिहासावर लिहिणारे मार्टिन कॉर्नेल यांच्यासारखे लोक म्हणतात की अशी स्पष्ट रेघ इतिहासात सापडतच नाही, ज्या कंपनीला जे नाव विकेल असं वाटलं ते तिनं लावलं. मला ते पटतं. आणि एल म्हणजे काय, तर जरा उबेत, साधारण २० अंशांच्या आसपास आंबवलेली बिअर, त्यातलं यीस्ट फळांसारखे वास सोडतं. आपण भारतात पितो ती बहुतेक सगळी लागर, ती थंडीत सावकाश आंबते आणि चवीला सरळ असते. तर ही सगळी मंडळी एल घराण्यातली, ताकद कुठे ६ टक्के, कुठे ८, कुठे थेट १२.

आता ही कडक होते कशी? नारळाचं दूध आठवा. खोबरं वाटून पहिल्यांदा पिळलं की घट्ट दूध निघतं, मग त्याच चोथ्यात गरम पाणी घालून पुन्हा पिळलं की पातळ, तिसऱ्यांदा तर नुसतं पांढरं पाणी. इथे तेच, खोबऱ्याच्या जागी मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ती भरडून गरम पाण्यात भिजवली की साखर पाण्यात उतरते. पहिला रस काढला तो दाट, त्याची झाली स्ट्राँग एल. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी सोडून आला त्या रसाची रोजची बिअर, आणि शेवटच्या पाणचट रसाची 'स्मॉल बिअर', जी घरातले नोकरचाकरच काय पोरंबाळंसुद्धा प्यायची. या पद्धतीला पार्टी-गाइल म्हणतात, आणि ती फक्त पुस्तकात उरलेली नाही बरं का, लंडनच्या चिझिकमधल्या फुलर्सची ८.५ टक्क्यांची गोल्डन प्राइड, ५.५ टक्क्यांची ईएसबी आणि ४.१ टक्क्यांची साधी लंडन प्राइड एकाच घाण्यातून काढायची पद्धत आहे, फक्त दाट आणि पातळ रस कमीजास्त मिसळायचे.

ब्रूअर, म्हणजे बिअर करणारे लोक, रसाचा दाटपणा पाण्याच्या तुलनेत मोजतात. पाणी १.०००, साधी लागर १.०४५ ते १.०५०, आणि या म्हाताऱ्या एल १.१०० किंवा त्याच्याही वर. १.१०० म्हणजे शंभर ग्रॅम रसात जवळपास २४ ग्रॅम साखर, पाकच म्हणा. एवढ्या गोडात यीस्ट खूश होईल असं वाटतं पण उलट होतं, आधी साखरेनं गुदमरतं, मग स्वतःच तयार केलेल्या अल्कोहोलनं थकतं, आणि बरीच साखर न खाता सोडून देतं. त्यामुळं ताजी स्ट्राँग एल प्यायली तर डोकं भणभणतं, गोड, जळजळीत, वर हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) कडूपणा भसाभस, कारण टिकावी म्हणून हॉप्सही ढिगानं घातलेले. कैरीचं लोणचं घातल्या दिवशी खाऊन बघा, तसं.

आणि म्हणूनच मुरवायची. मुरणं हा शब्द आपल्याकडे तयार आहे हे किती बरं, इंग्रजांना तो एका शब्दात सांगता येत नाही. मुरताना काय होतं तर हॉप्सचा कडूपणा हळूहळू मावळतो, अल्कोहोलची धार बोथट होते, बाटलीत शिरलेल्या थोड्याशा ऑक्सिजनमुळं शेरीसारखे, सुकामेव्यासारखे वास तयार होतात. साध्या बिअरमध्ये हाच ऑक्सिजन ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आणतो, पण इथे दाट मॉल्ट त्याला सांभाळून घेतं. आणि लाकडी पिंपात मुरवली तर अजून एक पाहुणा येतो, एक जंगली यीस्ट, जे थकलेल्या यीस्टनं सोडलेली साखर सावकाश महिनोन्‌महिने खात बसतं आणि चामड्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास देतं. १९०४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गमधल्या क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञानं इंग्लिश स्टॉक एलमध्येच ते शोधलं आणि नाव ठेवलं ब्रेटानोमायसीस, म्हणजे सरळ 'ब्रिटिश बुरशी'. आज वाइनवाले या यीस्टला घाबरतात, पण त्याचा वास हीच जुन्या इंग्लिश एलची ओळख होती.

शब्दांची पण गंमत बघा. इंग्रजीत आज 'स्टेल' म्हणजे शिळं, पण जुन्या काळी स्टेल बिअर म्हणजे मुरलेली, भारी, जास्त पैसे मोजून प्यायची. आणि 'माइल्ड' म्हणजे सौम्य नव्हे, ताजी. गिऱ्हाईक दोन्ही मिसळून मागायचं, थोडी जुनी थोडी नवी. सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्सची ग्रीन किंग ही कंपनी अजून हे करते, १२ टक्क्यांची एक एल मोठाल्या ओकच्या पिंपांत किमान दोन वर्षं ठेवायची, पिंपाच्या झाकणावर बाहेरचं काही आत जाऊ नये म्हणून तिथलीच चिकणमाती पसरायची (लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो तोच विचार), आणि मग ती ताज्या बिअरमध्ये मिसळून ६ टक्क्यांची बाटली विकायची. नुसती जुनी क्वचितच बाहेर येते.

मोठ्या जमीनदारांच्या घरी तर वेगळंच. ऑक्टोबरमध्ये नवीन बार्ली आलेली आणि हवा थंड, तेव्हा घरच्या भट्टीत सगळ्यात कडक एल करायची, तिचं नावच ऑक्टोबर. घरात वारस जन्मला की एक पिंप भरून ठेवायचं आणि तो एकवीस वर्षांचा झाला की फोडायचं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत हिशेब तपासायच्या दिवसासाठी खास ऑडिट एल. ऑडिटला कडक दारू! आपल्या ऑफिसात फक्त समोसे येतात.

आता बर्टन. बर्टन अपॉन ट्रेंट डर्बीपासून ट्रेननं दहा-पंधरा मिनिटं. स्टेशनातून बाहेर पडलात की वारा योग्य बाजूनं असेल तर भाजलेल्या धान्याचा आणि एक खारट-उग्र वास येतो, तो मार्माइटच्या फॅक्टरीचा. हे मार्माइट म्हणजे पावाला लावायचा काळा चिकट पदार्थ, बिअर करून उरलेल्या यीस्टपासून करतात, आणि ती कंपनी १९०२ ला बर्टनमध्येच सुरू झाली कारण तिथे यीस्ट पोत्यांनी वाया जात होतं. इथल्या जमिनीखाली जिप्सम आहे, त्यामुळं विहिरींचं पाणी बिअरला असं मानवतं की जगभरचे ब्रूअर आजही पाण्यात जिप्सम घालतात तेव्हा त्याला 'बर्टनायझेशन' म्हणतात.

इथली मूळ बर्टन एल गडद, गोडसर आणि जबर कडक होती. ट्रेंट नदीतून हल नावाच्या बंदरात आणि तिथून बाल्टिक समुद्रातून थेट सेंट पीटर्सबर्गला जायची, रशियन उमरावांची लाडकी. मग १८२२ मध्ये रशियानं आयातीवर जबर जकात लावली आणि धंदा बसला. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे एक डायरेक्टर, कॅम्पबेल मार्जोरीबँक्स, बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला म्हणाले, अरे हिंदुस्थानात बघ की, लंडनचा हॉजसन तिकडे फिकट कडू बिअर पाठवून पैसा ओढतोय, तू तशी करून दे. ऑलसॉपच्या माणसानं पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत केला, दंतकथा असेल पण बर्टनमध्ये अजून सांगतात. मग बर्टनची फिकट बिअर कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईच्या बंदरात उतरायला लागली, तीच पुढे इंडिया पेल एल, आज ज्याला सगळे आयपीए म्हणतात. म्हणजे आपल्या नावाची बिअर जगभर गाजली ती या जुन्या गडद बर्टनचं गिऱ्हाईक गेलं म्हणून. जुनी मात्र घरीच राहिली, आणि गंमत म्हणजे तिथेच लोकप्रिय झाली. बास या बर्टनच्याच कंपनीची सगळ्यात कडक 'नंबर वन', जी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्ली वाइन म्हणून लेबल लावून विकली गेली, ती याच घराण्यातली. ऑलसॉपनं तर १८५२ मध्ये आर्क्टिकला निघालेल्या बेल्चर यांच्या मोहिमेसाठी खास आर्क्टिक एल केली, एवढी दाट की कडाक्याच्या थंडीतही गोठायला वेळ लागावा.

लंडनच्या पबमध्ये दुसऱ्या महायुद्धापर्यंत 'एक बर्टन द्या' ही नेहमीची ऑर्डर. त्या युद्धात वैमानिक परत आला नाही की सोबती म्हणायचे 'गॉन फॉर अ बर्टन', बर्टन प्यायला गेलाय. हा वाक्प्रचार नेमका कुठून आला यावर वाद आहेत, पण बिअरवाला अर्थ सगळ्यांना आवडतो. आणि मग पुढच्या पंचवीस वर्षांत ती ऑर्डर अशी गेली की १९७१ ला लंडनच्या यंग्ज कंपनीनं आपल्या बर्टन एलचं नाव बदलून 'विंटर वॉर्मर' केलं. नुसत्या 'बर्टन'वर आता बिअर खपणार नाही, हे त्यांनीच एका परीनं कबूल केलं.

का मेली? लोक म्हणतात चव बदलली, लागर आली, ते आहेच. पण माझ्या मते खरं कारण पैसा, आणि पैशापेक्षा वेळ. हिशेब करा, साधी बिटर (इकडची रोजची एल) दोन-तीन आठवड्यांत तयार होऊन विकली जाते. एक पिंप दोन वर्षं अडवून ठेवलंत तर तेवढ्यात त्यात चाळीसेक वेळा साधी बिअर निघाली असती. मॉल्ट दुप्पट, हॉप्स जास्त, पैसा दोन वर्षं अडकलेला, वर कर. १८८० मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारनं मॉल्टवरचा कर काढून रसाच्या दाटपणावर लावला, म्हणजे जेवढी कडक तेवढा कर जास्त. मग पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायचं म्हणून सरकारनं बिअर पातळ करायला लावली, आणि युद्ध संपलं तरी कर काही खाली आले नाहीत, बिअर पुन्हा पूर्वीइतकी दाट झाली नाही. अगदी २०११ ला सुद्धा ७.५ टक्क्यांवरच्या बिअरवर जादा कर बसला, निशाणा होता स्वस्त कडक लागरच्या कॅनवर, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, या म्हाताऱ्या एलही त्यात सापडल्या.

तरी काहींनी चिवटपणे टिकवल्या. स्टॉकपोर्टच्या रॉबिन्सन्सची ओल्ड टॉम १८९९ पासून चालू आहे, नाव भट्टीतल्या बोक्याचं, हेड ब्रूअरनं वहीत त्याचं चित्र काढून ठेवलेलं. पण माझी आवडती गोष्ट थॉमस हार्डीज एलची. कादंबरीकार हार्डी यांनी एका कादंबरीत डॉर्चेस्टरच्या कडक बिअरचं असं रसभरीत वर्णन केलंय की वाचून तहान लागावी. ते गेले १९२८ ला. त्यांच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षी, १९६८ मध्ये, डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप या कंपनीनं ते वर्णन समोर ठेवून १२ टक्क्यांच्या आसपासची एल केली. एकदाच करायची होती. लेबलवर लिहिलं की किमान २५ वर्षं टिकेल. लोक वेडे झाले, दर वर्षीची बाटली जमवायला लागले. मग १९९९ नंतर डॉर्चेस्टरला ती होणं बंद झालं, २००३ ला डेव्हनच्या ओ'हॅनलन्स या छोट्या भट्टीनं पुन्हा सुरू केली, काही वर्षांनी त्यांनीही सोडली, आणि नंतर हे नाव विकत घेतलं एका इटालियन कंपनीनं. मेली, उठली, मेली, उठली. दर वेळी मेली ती पिणारे नव्हते म्हणून नाही हो, ठेवणाऱ्याला परवडेना म्हणून.

दुसरी गोष्ट विरजणाची. हॅम्पशरच्या हॉर्नडीनमध्ये गेल्सची प्राइज ओल्ड एल व्हायची, १९२० च्या दशकापासून, लाकडी पिंपांत मुरवून बुचाच्या बाटलीत. २००५ ला फुलर्सनं गेल्स विकत घेतली आणि पुढच्या वर्षी ती भट्टी बंद केली, म्हणजे आता संपलंच. पण फुलर्सच्या लोकांनी शेवटच्या घाण्यातली एल लंडनला नेली आणि नव्या बिअरमध्ये ती जुनी मिसळली, म्हणजे त्या पिंपातले जीवजंतू नव्या घरी आले. आई मुलीला सासरी जाताना विरजण देते तसं. २०२२ ला ती एल पुन्हा बाजारात आली तीही जुन्या साठ्यातला भाग घालूनच. रेसिपी कागदावर लिहून ठेवता येते हो, पण विरजण कागदावर टिकत नाही, एकदा मोडलं की मोडलं.

कागदही कामाचे असतात हे मात्र खरं. फुलर्सनं आपल्या जुन्या ब्रूइंगच्या वह्या काढून १८९१ ची एक स्ट्राँग एल आणि १९३१ ची ओल्ड बर्टन एक्स्ट्रा पुन्हा करून बघितली. नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरच्या शास्त्रज्ञांनी शेव्हलिए नावाची बार्ली बियाणं-संग्रहातून परत शेतात आणली, व्हिक्टोरियन काळात इंग्लंडची बहुतेक बिअर याच वाणाची होती आणि नंतर जास्त उतारा देणाऱ्या वाणांपुढे ती गेली, आपल्या गावठी वाणांची कहाणी वेगळी नाही. आणि बर्टनमध्ये पिंपांची एक मोठी जोडसाखळी असायची, बर्टन युनियन, आंबताना फेस वर चढून यीस्ट वेगळं व्हायचं आणि बिअर परत खाली यायची. मार्स्टन्सच्या भट्टीतली शेवटची युनियन २०२४ ला बंद झाली, तेव्हा त्यातला एक संच भंगारात जायच्या आधी डर्बीशरमधल्या बेकवेलच्या थॉर्नब्रिज कंपनीनं नेऊन पुन्हा चालू केला. अमेरिकेचं पण श्रेय द्यायला हवं, सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरनं १९७५ ला ओल्ड फॉगहॉर्न काढली, नंतर १९८३ ला सिएरा नेवाडाची बिगफूट, पण तिथे हॉप्स इतके असतात की मला तरी कारल्याच्या रसाची आठवण येते.

कुठे मिळाली तर? दोन घ्या, एक आत्ता प्या, एक ठेवा, नाहीतर काय मुरलं ते कळणार कसं. फ्रीजमधून काढली असेल तर अर्धा तास बाहेर ठेवा, १२-१४ अंश बरे. ग्लास लहान, वाइनचा चालेल. आणि ठेवायची तर उभी, अंधारात, गार जागी. हे सांगतोय कारण मी एक बाटली पुण्याला नेऊन आईच्या घरी माळ्यावर ठेवली होती, पितळी भांड्यांच्या मागे, तीन वर्षांनी मोठ्या थाटात मित्रांसमोर उघडली. तीन मे महिने पत्र्याखाली. तापमान दहा अंश वाढलं की असल्या प्रक्रिया दुपटी-तिपटीनं पळतात, त्यामुळं तिचं मुरणं वगैरे कधीच होऊन गेलं होतं, उरला होता सोया सॉस. एक मित्र म्हणाला, चायनीज मागव, वाया नको जायला.

सोबत काय खायचं, तर इकडे स्टिल्टन नावाचं निळ्या शिरांचं खारट चीज खातात, आणि ते खरंच जमतं. दिवाळीत मी फराळाबरोबर प्रयोग केला. चिवडा आणि चकली अजिबात नाही, तिखट आलं की अल्कोहोल नुसतं जाळतं. शंकरपाळी ठीक. पण अनारसे, गुळाचे, खसखस लावलेले, त्यांच्याबरोबर जे काही झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, बायको म्हणाली पुढच्या वर्षी अनारसे जास्त कर आणि ती बाटली मला पण दे.